वॉटर्लू, पानिपत आणि साखरखेर्डा

'ही मेट हिज वॉटर्लू.' जुन्या इंग्रजी पुस्तकांत हे वाक्य अधूनमधून भेटतं. हल्ली कोणी फारसं वापरत नाही, पण अर्थ मोठा नेमका आहे. आजवर जिंकत आलेल्या माणसाला कायमचं संपवणारी हार! १८ जून १८१५ ला नेपोलियन वॉटर्लूला हरला आणि उरलेलं आयुष्य सेंट हेलेना बेटावर कैदेत गेलं. म्हणजे दरवर्षी गटांगळ्या खाणाऱ्याला हा वाक्प्रचार शोभत नाही. त्यासाठी आधी नेपोलियन असावं लागतं.

मराठीत आपण सरळ 'पानिपत झालं' म्हणून मोकळे होतो. पण गंमत बघा. वॉटर्लू जिंकणाऱ्यांच्या भाषेत रुजलं, पानिपत हरणाऱ्यांच्या. 'विश्वास गेला पानिपतात' हे आपण थट्टेत म्हणतो खरं, पण १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव खरोखरच तिथे पडले होते. १५२६ आणि १५५६ लाही पानिपतावर लढाया झाल्या. मराठीला त्यांचं सोयरसुतक नाही.

आता बुलढाणा जिल्ह्यातलं साखरखेर्डा घ्या. सिंदखेडराजा तालुक्यातलं गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. निजाम डोईजड झाला म्हणून बादशहा मुहम्मदशहानेच खानाला आतून उठवलं होतं. खान मारला गेला. निजामाने त्याचं मुंडकं बादशहाकडे पाठवलं, वर विजयाबद्दल बादशहाचंच अभिनंदन केलं! बादशहानेही निमूटपणे १७२५ मध्ये त्याला 'आसफजाह' किताब दिला. हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थाने इथून सुरू झालं, ते सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलं.

एवढं होऊनही वाक्प्रचार नाही. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं, लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले. मराठे त्या वेळी निजामाच्या बाजूला होते, आणि १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याच निजामाला कोंडलं. त्यामुळे मराठीला या लढाईत ना रडण्यासारखं काही होतं, ना मिरवण्यासारखं. पालखेडचाही वाक्प्रचार झाला नाहीच म्हणा.

माझं मत विचाराल तर 'त्याचं साखरखेर्डा झालं' हे आजही चालवायला हरकत नाही. वरच्याने खाजगीत 'तू हो पुढे' म्हणायचं, आपण जाऊन आपटायचं, आणि मग वरच्याने जिंकणाऱ्याला बढतीचं पत्र द्यायचं. यासाठी इंग्रजीतही धड शब्द नाही, आणि ऑफिसात लागतो मात्र वरचेवर.