पुढच्या चाकांचा वारसा

पुढें दोघांतिघांची बैठक आणि मागें उघडा हौदा, अशी जी हलकी मालमोटार अमेरिकेंत जागोजागीं दिसते तिला तेथें पिकप म्हणतात. अशा एखाद्या जुन्या पिकपचीं पुढचीं चाकें डुगडुगूं लागलीं म्हणजे मालक नवे भाग आणतो, गाडी उचलतो आणि झिजलेले काढून नवे बसवितो. वरवर पाहतां हें केवळ हत्यारांचें काम. परंतु कोणता भाग झिजला, तो कसा काढावा आणि नवा नीट न बसला तर काय होईल, ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या गाडीच्या इतिहासांत आहेत. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

गाडीच्या मागच्या चाकांनीं भार वाहावयाचा आणि गाडी ढकलावयाची. पुढच्या चाकांनीं भार तर वाहावयाचाच. शिवाय वळावयाचें, आणि खड्ड्याचा पहिला तडाखाहि सोसावयाचा. म्हणजे चाकाला खालीं-वर होण्याची आणि डावी-उजवीकडे वळण्याची मोकळीक द्यावयाची, पण इतर कोणत्याहि दिशेला तिळभर हलूं द्यावयाचें नाहीं. सारी अडचण एवढ्यांतच आहे.

पहिली तोड घोडागाडीकडून आली: एक आडवा अखंड आंस आणि त्यावर पोलादी पाट्यांची कमान. १९०८ सालच्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पुढें एकच कमान होती, आणि तीहि आडवी. ह्याच गाडीला १९२५ सालीं फोर्डनें कारखान्यांतूनच हौदा बसवून दिला. फोर्डच्या हलक्या मालमोटारींना ही आडवी कमान बरीच वर्षें पुरली. १९४८ च्या एफ-वन गाडीला गाडीच्या लांबीनें बसविलेल्या दोन कमानी होत्या. आंसाच्या प्रत्येक टोकाला एक कणखर पोलादी खीळ असे. तिच्याभोंवतीं चाक वळे. हीच किंगपिन. पुढें मुंबईंत जोडल्या जाऊं लागलेल्या विलीज जीपचा पुढचा आंसहि असाच अखंड व पाट्यांवर तोललेला होता. त्यामुळें ही रचना आपल्या कारागिरांच्याहि ओळखीची आहे.

अखंड आंसाचा गुण हा कीं सांधे थोडे आणि बळ मोठें. दोष असा कीं एक चाक दगडावर चढलें म्हणजे आंस कलतो, आणि त्याबरोबर दुसरें चाकहि कलतें. फिरतें चाक भोंवऱ्यासारखें असतें. त्याला एकीकडे कलविलें तर तें वळूं पाहतें. म्हणून वेग वाढला तशीं पुढचीं चाकें थरथरूं लागलीं. पाटे कठीण करावे तर बसणाराचीं हाडें खिळखिळीं होत. ह्यावर मूळचा उपाय एकच होता: दोन चाकांचा परस्परसंबंध तोडणें. इटलींतील लान्सिया कारखान्यानें १९२२ सालीं लाम्ब्डा गाडींत तो योजिला. जनरल मोटर्सनें १९३४ सालीं, आणि फोर्डनें १९४९ च्या मोटारींत तो आणला.

मालमोटार मात्र मागें राहिली. तिच्या मालकाला सुखापेक्षां भार आणि किंमत महत्त्वाची. अखेर १९६० सालीं शेवरोलेच्या हलक्या पिकपला स्वतंत्र चाकें मिळालीं. तेथें भार पेलण्यास पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी होत्या. १९६३ सालीं त्या जाऊन वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. फोर्डनें १९६५ सालीं मधला मार्ग काढला. एका आंसाचे दोन आंस केले. प्रत्येकाचें एक टोक चाकाशीं आणि दुसरें गाडीच्या पलीकडच्या बाजूस खिळविलें. जुन्याचें बळ राहिलें आणि चाकेंहि सुटीं झालीं. पण असें चाक लंबकासारखें वर्तुळखंडांत फिरतें. त्यामुळें स्प्रिंगा दबल्या कीं चाकें आंत कलतात आणि टायर आंतल्या कडेनें झिजतात. एफ-१५० गाडीवर ही जोडी १९९६ च्या मॉडेलपर्यंत टिकली.

आतां दुरुस्तीकडे वळूं. गाडी उचलल्यावर ती भक्कम घोडीवर टेकवावी; नुसत्या जॅकवर विसंबूं नये. किंगपिनच्या गाडीचें चाक वर-खालीं धरून हलवावें. खटखट वाजलें तरी लगेच खीळ बदलूं नये. सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीहि राहिली तर खिळीचा किंवा तिच्या बुशांचा. बुश मुद्दाम नरम करतात. स्वस्त वस्तूनें झिजावें आणि महाग वस्तु वांचवावी हा हेतु. नवा बुश दाबून बसविला म्हणजे काम संपलें नाहीं. त्याचें भोंक ग्रीसच्या वाटेशीं जुळलें पाहिजे, आणि आंतून तो खिळीच्या मापास घासून घ्यावा लागतो.

स्वतंत्र बाहूंच्या गाडींत खिळीची जागा वर एक व खालीं एक अशा दोन गोल सांध्यांनीं, म्हणजे बॉल जॉइंटनीं, घेतली. शिवाय प्रत्येक बाहूच्या बिजागरीला बुश आले. सुख वाढलें, तसे सांधेहि वाढले. त्यांत वेटोळ्याच्या स्प्रिंगेंत गाडीचा भार कोंडलेला असतो. खालचा बाहू जॅकनें पेलून धरल्यावांचून सांधा सोडला तर ती स्प्रिंग गोळीसारखी सुटते आणि माणसाचा प्राण घेऊं शकते. म्हणून स्प्रिंग साखळीनें चौकटीस बांधावी आणि जॅक बोटाबोटानें उतरवावा. रबराचे बुश असतील तर त्यांचे नट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के आवळावे. चाक लोंबत असतांना आवळले तर गाडी उतरवितांच रबर पिळलें जातें आणि लवकर फाटतें.

शेवटीं चाकांचे कोन जुळविणें उरतें. फोर्डच्या किंगपिनच्या जोड-आंसाला चाकाचा कल बदलण्यास स्क्रूची सोय नव्हती. आंसच थंड स्थितींत दाबून वांकवीत. येथें खरा विवेक लागतो. स्प्रिंगा दबल्या असतील तर आंस वांकवून दोष झांकतां येतो, पण दूर होत नाहीं. म्हणून आधीं स्प्रिंगांची उंची मोजावी, आणि त्या थकल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या बदलाव्या.

गाडी जुनी म्हणून सांधा ढिला चालेल असें कोणी मानूं नये. खालचा गोल सांधा निखळला तर चाक बाहेर कोलमडतें आणि स्टीअरिंग हातीं असून नसल्यासारखें होतें. आणि तें मालकाच्या अंगणांत नव्हे, तर समोरून दुसऱ्या कोणाची गाडी येत असतां भर रस्त्यावर होतें.