खेळाडू मुलींचें अन्न : एका तपासणीचा इतिहास



वांद्र्याच्या कु. मेरी डिसूझा १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर व दोनशें मीटर धांवल्या. त्यांच्या प्रवासखर्चासाठीं आप्तमित्रांनीं पैसा उभा केला, ही हकीकत उपनगरांतील जुन्या क्रीडाप्रेमी मंडळींना ठाऊक असेल. तिकिटाची चिंता अशी वाहिली गेली; परंतु धांवणाऱ्या मुलीच्या पोटांत किती अन्न पडतें, हा त्या काळीं तपासणीचा विषयच झाला नव्हता.

पुढें १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें पी. टी. उषा चारशें मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत एक शतांश सेकंदानें कांस्यपदकास मुकल्या. तेथें तांदळाची पेज व लोणचें यांवर भागवावें लागलें, आणि अखेरच्या टप्प्यांत बळ सरलें, असें त्यांनीं बऱ्याच वर्षांनीं सांगितलें. पदक केवळ अन्नामुळें गेलें असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. पण योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत बार्बरा ड्रिंकवॉटर यांनीं पाळी थांबलेल्या १४ व पाळी नियमित असलेल्या १४ खेळाडू स्त्रियांच्या हाडांचें मापन प्रसिद्ध केलें. पहिल्या गटाच्या कण्यांत खनिज कमी भरलें. पाळी चुकली म्हणजे मुलगी कसून मेहनत करते, ही समजूत तरीहि पुष्कळ ठिकाणीं टिकून राहिली.

दोष मेहनतीचा कीं अपुऱ्या अन्नाचा? अ‍ॅन लौक्स यांच्या प्रयोगांनीं बोट अन्नाकडे दाखविलें. व्यायामाचा खर्च वजा जातां, चरबी सोडून उरणाऱ्या शरीराच्या दर किलोमागें रोज ३० कॅलरींहून कमी शिल्लक राहिली, तर पांच दिवसांतच पाळीचें नियमन करणाऱ्या संप्रेरकाचा क्रम बिघडतो, असें २००३ सालीं दिसून आलें. हिशेब करून पाहा. चरबीविना ४० किलो भरणारी मुलगी धांवण्यांत ५०० कॅलरी खर्चीत असेल, तर १७०० कॅलरींचें जेवण तिला धोक्याच्या रेषेवरच ठेवतें. पुरेसें म्हणावयास सुमारें २३०० हव्यात. अर्थात् ही रेषा सर्वांना सारखी नसते.

२०१४ सालीं डेन्मार्कमध्यें अ‍ॅना मेलिन व सहकाऱ्यांनीं दुखापती, पोटाच्या तक्रारी व पाळी यांविषयीं २५ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. आठ किंवा अधिक गुण आले कीं पुढील तपासणी करावयाची. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें पुरुषांनाहि या विचारांत घेतलें.

आतां आपल्याकडे पाहूं. कांदिवलीच्या केंद्रांत वा अंधेरीच्या क्रीडासंकुलांत सराव करणारी मुलगी घरीं सोमवार, चतुर्थी, नवरात्र पाळीत असूं शकते, आणि त्या दिवशींहि सराव चुकवीत नाहीं. साबुदाण्याची वाटीभर खिचडी त्या खर्चाला कशी पुरणार? त्या २५ प्रश्नांत उपासाचा प्रश्न नाहीं! शिवाय कागद शिक्षकांच्या हातीं जाणार, संघांतून नांव गळेल, या भीतीनें 'पाळी नियमित' असें लिहिणें फार सोपें. म्हणून हे प्रश्न डॉक्टरीणबाईंनीं एकांतांत विचारावे.

पंधरावें वर्ष सरूनहि पाळी आली नाहीं, किंवा चालू असलेली तीन महिने थांबली, तर प्रश्नावलीची वाट न पाहतां मुलीला डॉक्टरांकडे न्यावें. आणि जातांना आईनें तिच्या सरावाच्या वेळापत्रकाबरोबर आठवड्याच्या डब्याची यादीहि न्यावी.