व्यक्तिचित्राचे मोल

आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत एका दिवंगत पुढाऱ्यांचे तैलचित्र आहे. नवा कामगार ते पाहून हटकून विचारतो, "दादा, यांचे हात कुठे आहेत?" चित्र खांद्यांशीच संपते. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो, ते गोदाकाठी असली व्याख्याने ऐकून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून. तेव्हा काही चुकले, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

चित्रकाराने गुडघ्यांपर्यंतच्या चित्राचे पंचवीस हजार रुपये सांगितले. आम्ही विचारले, "कापडाला आणि रंगाला असे कितीसे लागतात?" घासाघीस करून आम्ही त्यांना सोळा हजारांवर आणले. ते एवढेच म्हणाले, "मग खांद्यांपर्यंतच होईल." आम्हांला ती आडमुठेपणाची गोष्ट वाटली. पुढे इतिहास वाचला, तेव्हा कळले की त्या गृहस्थांनी आपल्या धंद्याचा जुना आणि न्याय्य रिवाज पाळला होता.

सर जोशुआ रेनॉल्ड्स हे इंग्लंडमधील नामांकित चित्रकार. १७७७ साली त्यांनी एका पत्रात आपले दर कळवले आहेत. नुसत्या मस्तकाला ३५ गिनी, गुडघ्यांपर्यंत ७० आणि पूर्णाकृतीला १५०. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. साधारणपणे दीड-दीड तासाच्या तीन बैठका लागतील, हेही त्यांनी लिहून टाकले होते. निम्मी रक्कम पहिल्याच बैठकीला द्यावी, असा त्यांचा शिरस्ता होता. येथे गिऱ्हाईक लॉर्ड आहे की व्यापारी, हा प्रश्नच येत नाही. काम किती, त्यावर दाम. आपण कारखान्यात ज्याला नगावरचा दर म्हणतो, तो हाच.

कुणी म्हणेल, कला काय वितीने मोजायची? पण या मापात शहाणपण आहे. चित्र खांद्यांच्या खाली उतरले की हात येतात, आणि हात काढणे हे चेहऱ्याइतकेच कठीण काम. शिवाय वस्त्रे येतात, टेबल-खुर्ची येते. रेनॉल्ड्सच्या चित्रांतील वस्त्रे पुष्कळदा पदरी ठेवलेले सहायक रंगवीत. त्यांची मजुरीही त्या गिनींतूनच जाई, सही मात्र एकाचीच राही.

त्याच्याही आधी, १६४२ साली, ॲमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांट यांनी नगररक्षकांच्या एका तुकडीचे प्रचंड समूहचित्र पुरे केले. पुढे झालेल्या साक्षींवरून दिसते की, सुमारे सोळा असामींनी सरासरी शंभर शंभर गिल्डर दिले. ज्याला चित्रात पुढची जागा मिळाली त्याने अधिक दिले, मागच्याने कमी. म्हणजे वर्गणी काढून चित्र करवून घेणे हा काही आमच्या युनियनचा शोध नव्हे!

आपल्याकडे दरबारी पद्धत निराळी होती. चित्रकार पदरी असे. त्याला नेमणूक मिळे, इनाम मिळे, पण दर नसे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे थोर चित्रकार शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. १९२२ साली महाराज निवर्तले आणि तो आधारही गेला. आश्रय कितीही उदार असला, तरी तो एका माणसाच्या आयुष्याइतकाच टिकतो. दर त्याच्या मागेही उरतो.

राजा रविवर्मा यांनी हा फरक ओळखला होता. राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे त्यांनी केली, पण काम ठरवून, या गावाहून त्या गावाला जाऊन. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी १८८८ ते १८९० या काळात त्यांनी चौदा पौराणिक चित्रे केली, ती पन्नास हजार रुपयांना. म्हणजे एका चित्राला साडेतीन हजारांहून अधिक. त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा त्यांच्याबरोबर राबत, चित्रांतील निसर्ग रंगवण्यास हातभार लावीत. लोकांच्या तोंडी मात्र एकच नाव राहिले.

मग कॅमेरा आला. १८३९ साली दागेर यांची रीत जाहीर झाली, आणि हुबेहूब चेहरा स्वस्तात मिळू लागला. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रकला शिकले, पण सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनीही गोध्र्यास फोटोचा धंदा मांडला होता. पुढे चित्रकाराच्या हाती समोर बसलेल्या माणसाऐवजी फोटो येऊ लागला. बैठका गेल्या, आणि गिऱ्हाईक म्हणू लागले, "नुसते बघून तर काढायचे आहे!"

आम्हीही तेच म्हणालो होतो. मालक आमच्यापुढे कच्च्या मालाचा हिशेब मांडतो आणि मजुरी उरल्यासुरल्यातून देतो, म्हणून आम्ही फाटकाशी घोषणा देतो. चित्रकारापुढे आम्ही कापडाचा आणि रंगाचा हिशेब मांडला, तेव्हा आम्ही दुसरे काय केले? त्या माणसामागे युनियन नव्हती. त्याच्यापाशी एकच हत्यार होते, दाम कमी तर काम कमी. ते त्याने शांतपणे वापरले. चेहऱ्यात मात्र त्याने तसूभर कसर ठेवली नाही.

ज्या हातांनी आमच्या पहिल्या करारावर सही केली, ते हात आज भिंतीवर नाहीत. ते आम्हीच नऊ हजारांना गमावले. दुसरे चित्र करवण्याचा ठराव आता कार्यकारिणीपुढे आहे. या वेळी दर आधी विचारावा, लिहून घ्यावा, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि घासाघीस करू नये, एवढी दुरुस्ती आम्ही त्याला सुचवली आहे.