हिवाळी केसावरणाचे उष्णता-उत्सर्जन

थंडीच्या दिवसांत वन्य सस्तन प्राण्यांच्या केसाळ आवरणातून बाहेर पडणारी उष्णता. तिचे प्रमाण केसांच्या दाटीइतकेच त्या वेळच्या हवामानावर ठरते. गोंदिया जिल्ह्यातील सौंदड (ता. सडक अर्जुनी) परिसरालगतच्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात (स्थापना २०१३) सांबर, चितळ, गवा, अस्वल, बिबट्या व वाघ आढळतात. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे तापमान अनेकदा १०° से.च्या आसपास किंवा त्याखाली उतरते.

केसावरण : केसांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता रोखून धरते. गारठ्यात त्वचेतील बारीक स्नायू आकसून केस ताठ होतात व हा थर जाड होतो. माणसाच्या अंगावर येणारा काटा हा त्याचाच अवशेष. अस्वलाचे केस लांब असले, तरी त्याखाली मऊ लव नसते आणि पोटाकडे ते विरळ असतात. गव्याचे केस आखूड असतात.

हवामानाचे परिणाम : १०° से. तापमानाचा केसाळ पृष्ठभाग दर चौ.मी.ला सुमारे ३५० वॅट अवरक्त प्रारण सोडतो. ढगाळ रात्री त्यातील बराचसा भाग ढगांच्या प्रारणाने भरून निघतो. निरभ्र, शांत रात्री भरपाई कमी होते. त्यामुळे पाठीवरील केसांची टोके भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतात व त्यांवर दव धरते. वारा केसांतील हवा हलवतो. पृष्ठभाग थंडावल्याने प्रारण घटते, पण शरीराची एकूण उष्णताहानी वाढते. अवकाळी पाऊस याहून जाचक ठरतो : पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट असते, शिवाय बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते. उन्हात गडद केस लवकर तापतात.

मापन : थर्मल कॅमेरा त्वचेचे नव्हे, केसांच्या बाह्य पृष्ठभागाचे तापमान टिपतो. पहाटे पाचोळ्यावर बसलेल्या सांबराचे डोळे आणि विरळ केसांचे भाग चित्रात उजळ दिसतात. पाठ मंद दिसते, तर कडक झालेली, रक्तपुरवठा नसलेली शिंगे जवळजवळ हवेच्याच तापमानाची असतात. मंद दिसणारी पाठ दाट केसांची असू शकते, तशीच वाऱ्याने गारठलेलीही. म्हणून प्रत्येक चित्रासोबत हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, ढग व ऊन यांची नोंद आवश्यक असते. तिच्याशिवाय दोन प्राण्यांची किंवा दोन रात्रींची तुलना करता येत नाही.