पाठीवर पडून काढलेली वर्षे
मणक्याच्या क्षयाच्या उपचारांचा इतिहास

१९२८ साली माक्स ब्लेखर हा रुमानियन तरुण वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला आणि विद्यार्थ्याचा रुग्ण झाला. त्याला मणक्याचा क्षय झाला होता. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर बेर्क नावाचे गाव आहे. हाडांच्या क्षयाचे रुग्ण तेथे समुद्राच्या हवेसाठी येत. प्लास्टरच्या कवचात उताणे पडलेले हे रुग्ण पडल्यापडल्याच घोडागाडी हाकत किनाऱ्यावर फिरत. या जगावर ब्लेखरने १९३७ साली कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी, वयाची तिशीही न गाठता, तो वारला. निदानानंतरची दहाएक वर्षे त्याने बहुतांशी आडवे पडून काढली होती.

हे पडून राहणे कशासाठी होते, आणि ते संपले कसे?

क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात पोचतात. मणक्याचा पुढचा भाग पोखरला जातो, तो वरच्या भाराने ढासळतो आणि पाठीला कुबड येते. तेथे साठलेला पू स्नायूंच्या वाटेने उतरत कधी थेट जांघेत गळू होऊन दिसतो. मज्जारज्जूवर दाब आला तर पाय लुळे पडतात. कुबड आणि लुळेपणा यांचा हा संबंध लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली नीट मांडला, म्हणून या आजाराला त्यांचे नाव मिळाले. कुबडाच्या दोन्ही बाजूंना दाहक औषधाने जखम करायची आणि ती वाहती ठेवायची, हा त्यांचा उपाय. जंतू कोणता, हे कळायला १८८२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला.

कारण कळले, पण औषध नव्हते. मग ढासळणाऱ्या भिंतीवरचा भार काढून घ्यावा तसे रुग्णाला निजवून ठेवणे, एवढेच हाती होते. ज्यांना हे पुरेसे वाटले नाही त्यांनी वेगळे मार्ग काढले. बेर्कच्याच झाँ-फ्रान्स्वा कालो यांनी १८९६ साली रुग्णाला भूल देऊन कुबड जोराने दाबून सरळ करण्याची पद्धत मांडली. ती धोक्याची ठरली आणि मागे पडली. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी, स्वतंत्रपणे, मणके मागच्या बाजूने एकमेकांना सांधण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अल्बी त्यासाठी रुग्णाच्याच नडगीचे हाड वापरत. पण रोग पुढच्या बाजूला होता आणि तो तेथेच राहत होता.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले आणि १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले. औषधांच्या आधाराने आता पुढून शिरणेही शक्य झाले. हाँगकाँगमध्ये हॉजसन आणि स्टॉक यांनी छाती उघडून सडलेले हाड काढले व त्या जागी रुग्णाचेच निरोगी हाड बसवले. १९५६ साली त्यांनी आपले निष्कर्ष छापले. मात्र ही शस्त्रक्रिया निष्णात हात, भूलतज्ज्ञ आणि सुसज्ज रुग्णालय मागणारी होती. क्षयाचे बहुसंख्य रुग्ण तर जेथे यातले काहीच नाही, अशा ठिकाणी होते.

म्हणून ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेने साधे प्रश्न विचारायचे ठरवले. दक्षिण कोरियातील मसान येथे काही रुग्णांना औषधांसह सहा महिने रुग्णालयात निजवून ठेवले, तर इतरांना तीच औषधे देऊन पहिल्यापासून हिंडूफिरू दिले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, काहींना नाही. पायांतील बळ गेल्यामुळे चालता न येणारे रुग्ण या तुलनेत नव्हते. १९७३ पासून निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. खाटेचा फायदा दिसला नाही, प्लास्टरचाही नाही. शतकभर ज्याला उपचार म्हटले, ते औषध हाती आल्यावर अनावश्यक ठरले होते. हाँगकाँगच्या शस्त्रक्रियेने मणके लवकर सांधत आणि कुबड कमी राही, हेही याच अभ्यासमालेत दिसले. पुढे मद्रासमध्ये सहा व नऊ महिन्यांच्या औषधोपचाराची या शस्त्रक्रियेशी तुलना झाली, आणि बहुतेकांना औषधेच पुरतात याला पुष्टी मिळाली.

याच काळात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. एस. एम. तुली दुसऱ्या वाटेने तेथेच पोचले. खाटा कमी, शस्त्रक्रियागृहे कमी आणि रुग्ण मात्र अमाप. त्यांनी सर्वांना औषधे दिली आणि सुरी राखून ठेवली. काही आठवड्यांत लुळेपणा हटला नाही, किंवा वाढत गेला, किंवा गळू आटले नाही, तरच शस्त्रक्रिया. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला त्यांनी ‘मध्यम मार्ग’ म्हटले. सारनाथच्या शेजारी हे नाव शोभून दिसते. पण त्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा नड अधिक होती, आणि त्या नडीतून निघालेले शहाणपण सुसज्ज देशांनीही स्वीकारले.

आज एमआरआयमुळे रोग लवकर दिसतो. सुईने काढलेल्या नमुन्यावरून जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हेही तपासता येते. आपल्याकडे उपचार साधारण वर्षभर, बहुतेकांना घरी राहूनच चालतात. ही मोकळीक मात्र सर्वस्वी औषधावर उभी आहे. गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू त्यांना जुमानेनासा होतो. अशा औषधरोधक क्षयाचे रुग्ण मुंबईला नवे नाहीत. जंतूवर एकही औषध चालले नाही, तर डॉक्टरांच्या हाती उरते ते बेर्कच्या काळातलेच: पाठ टेकायला एक खाट, आणि वाट पाहणे.