नेपल्सची एल्विरा आणि तिचे उरलेले तीन चित्रपट

जुने सिनेमे कुणी काढले असं विचारलं की आपल्या तोंडी पुरुषांचीच नावं येतात. म्हणून आज आम्ही इटलीतल्या नेपल्स शहरच्या एल्विरा नोतारीबद्दल बोलणार आहोत. तिचा जन्म १८७५ चा. नवरा निकोला कॅमेरा सांभाळायचा, मुलगा एदुआर्दो पडद्यावर काम करायचा, आणि कथा लिहिणं, दिग्दर्शन करणं हे एल्विराकडे. कंपनीला नाव दिलं लेकीचं, डोरा.

हे कुटुंब या धंद्यात आलं ते फिती रंगवण्याच्या कामातून. फितीवरचं एकेक चित्र हाताने रंगवायचं, आणि मिनिटभराच्या फितीत अशी साधारण हजार चित्रं! डोळ्यांचं काय होत असेल, देव जाणे.

तो मूकपटांचा काळ. एल्विराने साठेक मोठे चित्रपट केले, तेही नेपल्सच्या गल्लीबोळांत. १९२२ च्या 'आ सांतानोत्ते'मधली नान्निनेल्ला खानावळीत राबते आणि दारुडा बाप तिची कमाई हिसकावून घेतो. ही गोष्ट इटलीची, पण आमच्यातल्या कितीजणींना ती ओळखीची वाटली. पोटासाठी अमेरिकेत गेलेली नेपल्सची माणसंही न्यूयॉर्कमध्ये तिचे चित्रपट बघत. मुसोलिनीच्या राजवटीला मात्र पाट्यांवरची बोलीभाषा आणि पडद्यावरची गरिबी खपेना. त्यात बोलपट आले. १९३० मध्ये कंपनीचं काम थांबलं.

साठातले आज जेमतेम तीनच उरलेत. त्या वेळच्या फिती कापसावर आम्लाची प्रक्रिया करून बनत. त्या लगेच पेट घेत, पाण्यातही विझत नसत. नुसत्या ठेवल्या तरी चिकट होऊन शेवटी भुकटी व्हायच्या. पुष्कळ फिती तर त्यांच्यातल्या चांदीसाठी लोकांनीच वितळवल्या. आपल्या पुण्यातही २००३ साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून अशा जुन्या फिती गेल्या.

आता इटलीत बोलोन्याला फिती दुरुस्त करणारी मोठी प्रयोगशाळा आहे. फाटलेली कड हाताने चिकटवायची, धूळ पुसायची, मग एकेक चित्र संगणकात घ्यायचं. तिथली जाणकार मंडळी २०१५ मध्ये मुंबईत हे काम शिकवायला आली होती.

एल्विरा १९४६ मध्ये गेली. पुढे कित्येक वर्षं तिच्या कामाचं श्रेय निकोलालाच दिलं जाई. अभ्यासक स्त्रियांनी जुनी कागदपत्रं आणि उरलेल्या फिती धुंडाळल्या, तेव्हा तिचं नाव पुन्हा पुढे आलं. आता तिचे चित्रपट महोत्सवांत दाखवतात. पडद्यासमोर बसून वादक वाजवतात, आणि नान्निनेल्ला पुन्हा खानावळीत ताटं उचलताना दिसते.