श्वासाचे यंत्र आणि झोपेचा उंबरठा : मालवण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारास वैद्यकशास्त्रात 'स्लीप ॲप्निया' असे म्हणतात. निद्रावस्थेत घशाच्या मागील भागातील स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते आणि मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो. तीव्र विकारात एका रात्रीत ही क्रिया शेकडो वेळा घडते आणि सकाळी रुग्णाला त्यातील बहुधा काहीच आठवत नाही. नाकावर मास्क बांधून त्यातून सतत दाबाची हवा सोडणारे 'सीपॅप' नावाचे यंत्र हा या विकारावरील प्रमुख उपचार होय.

या उपचाराच्या वाटेवर एक अडचण अगदी सुरुवातीलाच उभी राहते. रुग्ण मास्क लावून अंथरुणावर पडतो आणि त्याला झोपच येत नाही. तास-दीड तासाने तो मास्क काढून ठेवतो, काही दिवसांनी यंत्र कपाटात जाते. याचा दोष बहुतेक वेळा रुग्णाच्या हट्टी स्वभावाला दिला जातो. तथापि सदर अडचणीचे मूळ व्यक्तीच्या स्वभावापेक्षा उपचाराच्या इतिहासात अधिक आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हे यंत्र ज्या रुग्णांसाठी प्रथम घडले, त्यांना झोप येण्याची अडचण नव्हतीच. त्यांची अडचण नेमकी उलट होती. मालवण परिसरातील रात्र समोर ठेवून हा इतिहास तपासला असता ही बाब अधिक स्पष्ट होते.

झोपाळू रुग्णाची प्रतिमा

स्थूलता, झोप आणि श्वास यांचा संबंध भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश देहाची चर्चा येते आणि त्याच अध्यायात पुढे निद्रेचे विवेचन येते. सुश्रुताने अतिस्थूल व्यक्तीच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा व 'क्रथन' यांचा समावेश केला आहे. क्रथन म्हणजे घोरणे किंवा झोपेत श्वास अडणे असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. लोकमानसात मात्र ही लक्षणे रोगाची मानली गेली नाहीत. 'डाराडूर झोप', 'कुंभकर्णी झोप', 'घोडे विकून झोपणे' हे शब्दप्रयोग पाहिले की घोरणाऱ्याची झोप गाढ व सुखाची असते, ही समजूत मराठी भाषेतच किती खोल रुजली आहे हे लक्षात येते.

पाश्चात्त्य वैद्यकाचा प्रारंभही याच प्रतिमेपासून झाला. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ मधील कादंबरीत उभ्या उभ्या झोपणारा जो नावाचा लठ्ठ मुलगा आहे. १९५६ साली बरवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल, झोपाळू रुग्णाचे वर्णन करताना त्याच कादंबरीवरून विकाराला नाव दिले. त्यांचा रुग्ण पत्त्यांच्या जुगारात हातात जिंकणारी पाने असताना डुलकी लागल्यामुळे डाव हरला होता! पुढे १९६५ मध्ये फ्रान्समध्ये गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी झोपेतील श्वासाच्या प्रत्यक्ष नोंदी घेऊन श्वास थांबण्याची घटना सिद्ध केली. १९६९ मध्ये कुलो व सहकाऱ्यांनी गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेतून थेट श्वासाची वाट करून देण्याची शस्त्रक्रिया यावर उपाय म्हणून मांडली. उपाय प्रभावी होता, पण आयुष्यभर गळ्यात नळी घेऊन वावरणे सोपे नव्हते.

सिडनीतील प्रयोग

१९८० साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाने ही शस्त्रक्रिया नाकारली. त्याच्यावर सलिव्हन यांनी एक वेगळा प्रयोग केला. व्हॅक्यूम क्लीनरमधील मोटरीच्या साहाय्याने नाकावाटे दाबाची हवा सोडली असता मिटणारा घसा उघडा राहिला आणि रुग्ण रात्रभर शांत झोपला. पाच रुग्णांवरील निष्कर्ष १८ एप्रिल १९८१ रोजी 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. (त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. हा निव्वळ योगायोग होय. परंतु यंत्र आणि जिल्हा समवयस्क आहेत एवढे त्यातून ध्यानात राहते.)

आरंभीच्या काळात मास्क प्रत्येकाच्या नाकाच्या साच्यावरून घडवला जाई व रोज रात्री तो सिलिकॉनने चेहऱ्यावर चिकटवावा लागे. मोटरीचा आवाज मोठा असे. अशा अवस्थेत माणसाला झोप कशी लागत असेल, असा प्रश्न आज पडतो. उत्तर साधे आहे. हे रुग्ण वर्षानुवर्षे झोपेचे भुकेले होते. दिवसा बोलता बोलता ज्यांचा डोळा लागे, त्यांना मास्क, आवाज आणि परके अंथरूण यांपैकी काहीच आड येत नव्हते. त्यामुळे 'या यंत्रासह झोपेत शिरायचे कसे' हा प्रश्न उपचाराच्या जन्मवेळी कोणाला विचारावा लागला नाही.

तो प्रश्न अज्ञात मात्र नव्हता. क्रिस्तियन गिलेमिनो, एल्ड्रिज व डिमेंट यांनी १९७३ मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात निद्रानाश आणि श्वास थांबणे ही दोन्ही लक्षणे एकाच रुग्णात आढळतात असे नोंदवले होते. म्हणजे यंत्राच्या आठ वर्षे आधीच 'न झोपणारा' रुग्ण वैद्यकाच्या दृष्टीस पडला होता. पण पुढे श्वासाचा विकार छातीच्या व कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे गेला, निद्रानाश मानसोपचाराकडे राहिला आणि दोन्हींचा धनी असलेला रुग्ण मधल्या मधे हरवला. ज्ञानशाखांची वाटणी रुग्णाला किती महाग पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण मानावे लागेल.

निदानाचा विस्तार

१९९३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या पाहणीत ३० ते ६० वयोगटातील २४ टक्के पुरुष व ९ टक्के स्त्रियांत झोपेतील श्वासविकार आढळला. त्यासोबत दिवसा अतिझोप असलेले मात्र अनुक्रमे ४ व २ टक्केच होते. भारतातील चित्र मुंबईतून पुढे आले. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांत श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के होते, तर दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार असलेले ७.५ टक्के होते. या आकड्यांकडे सहसा 'केवढे मोठे प्रमाण' अशा नजरेने पाहिले जाते. येथे महत्त्वाचे आहे ते दोन आकड्यांमधील अंतर. श्वास अडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण झोपाळू नव्हतेच. निदान जसजसे पसरले, तसतसे यंत्र सलिव्हन यांच्या रुग्णांहून अगदी निराळ्या माणसांच्या उशाशी येऊन बसले. त्यांना घरच्यांनी घोरण्यामुळे डॉक्टरांकडे धाडले होते, अथवा रक्तदाबाच्या तपासणीत शंका आली होती. त्यांची झोप पूर्वीपासूनच हलकी होती.

परिणाम त्याच काळात मोजला गेला. १९९३ मधील क्रिब्ज व सहकाऱ्यांच्या अभ्यासात यंत्रात दडवलेल्या मापकाने दाखवले, की ७० टक्के रात्री किमान चार तास वापर करणारे केवळ ४६ टक्के होते. रोज वापरतो असे सांगणाऱ्यांची संख्या याहून जास्त होती.

मालवणची रात्र

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा या विकाराचे नाव अनेक मराठी घरांत प्रथमच वृत्तपत्रांतून पोहोचले. मालवणचा मुंबईशी संबंध तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. गिरणगावात एका खोलीत अनेक चाकरमानी राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या पथारीवर रातपाळीचा माणूस पाठ टेकी. गोंगाटात, उजेडात झोपणे हे तेथे अंगी बाणवावे लागणारे कौशल्यच होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक जण गावी परतले. शरीराला लागलेले झोपेचे ते वळणही त्यांच्याबरोबर आले असणार.

गावच्या कौलारू घरात आतल्या भिंती अनेकदा आढ्यापर्यंत पोहोचत नाहीत. माजघरातील घोरणे पडवीत ऐकू येते. त्यामुळे रोगाचे पहिले निदान घरातील माणसेच करतात. याच रचनेमुळे यंत्राची घरघरही सर्वांची होते आणि मास्क लावलेल्या माणसाला आपण घरादारापुढे आजारी म्हणून मांडले गेलो आहोत असे वाटते. २०२०-२१ च्या महासाथीनंतर नाका-तोंडावरील मास्क व नळी यांचे नाते लोकांच्या मनात अतिदक्षता विभागाशी जुळले. दिवा मालवल्यावर ही प्रतिमा डोळ्यांसमोर आली तर झोप उडणे स्वाभाविकच आहे.

हवामानाचा भाग वेगळाच. कोरड्या, थंड प्रदेशातील रुग्णांचे नाक सुकते म्हणून यंत्राला पाणी तापवून हवा दमट करणारे भांडे जोडण्यात आले. मालवणात जून ते सप्टेंबर हवाच पाण्याने जड असते. भांडे चालू ठेवल्यास नळीत पाणी साचते, गुडगुड आवाज होतो व थेंब नाकावर येतात. घामाने मास्क सरकतो, धुतलेली नळी दिवसभरात वाळत नाही. पावसाळ्यात हे भांडे अगदी कमी वा बंद ठेवावे, ही साधी सूचना येथे औषधाइतकी उपयोगी ठरू शकते. विजेचाही प्रश्न आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी इन्व्हर्टरवर पाणी तापवण्याची सोय बंद केली तर बॅटरी पुष्कळ जास्त टिकते.

दाब वा मास्क बदलून घ्यायचा तर मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते, अशी जिल्ह्यातील रुग्णांची जुनी रीत आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा या अवलंबित्वाची चर्चा जाहीरपणे झाली. पहिल्या पंधरवड्यातील छोटी दुरुस्ती दूरच्या प्रवासासाठी अडून राहते आणि उपचार तेथेच सुटतो.

झोपेत शिरण्याचे उपाय

निद्रानाशाचे शास्त्र दरम्यान स्वतंत्रपणे वाढत होते. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले तत्त्व असे, की झोप येत नसताना अंथरुणावर तळमळत राहिल्यास शरीर अंथरुणालाच जागेपणाची खूण समजू लागते. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून बाहेर बसावे, डोळे जड झाल्यावरच परतावे. मास्क लावणाऱ्याच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे, कारण तळमळीची खूण मास्कवरही उमटते. म्हणूनच दुपारी जागेपणी, गप्पा मारताना किंवा रेडिओ ऐकताना, आधी नुसता मास्क व मग हवेसह तो थोडा थोडा वेळ लावण्याचा सराव सांगितला जातो. हवेचा दाब हळूहळू वाढवण्याची सोयही यंत्रात आहे. मात्र आरंभीचा दाब अति कमी असेल तर काहींना उलट गुदमरल्यासारखे होते. त्यांना डॉक्टरांकडून तो थोडा वाढवून घेतल्यास बरे वाटते. मद्य घेऊन झोप ओढून आणण्याचा मार्ग घसा अधिक सैल करतो. झोपेच्या गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

दोन दुरावलेल्या शाखा पुन्हा एकत्र आल्या त्या ऑस्ट्रेलियातच. २०१९ मध्ये स्वीटमन व सहकाऱ्यांनी १४५ रुग्णांच्या अभ्यासात दाखवले, की यंत्र देण्यापूर्वी निद्रानाशावरील वर्तनोपचाराची चार सत्रे दिल्यास यंत्राचा वापर दर रात्री सरासरी ६१ मिनिटांनी वाढतो. १९७३ चे निरीक्षण उपचारात उतरण्यास जवळपास अर्धे शतक लागले.

या वर्तनोपचारातील एक सूचना मालवणात सरळ लागू होत नाही. रोज एकाच वेळी उठावे, असे तो सांगतो. मच्छीमाराचे उठणे घड्याळावर नव्हे, तर भरती-ओहोटीवर आणि मासळीच्या फेऱ्यांवर ठरते. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात रात्री घरी व ठरलेल्या वेळी झोपता येते. यंत्राची सवय लावण्यास तोच काळ सोयीचा, जरी दमट हवेचा त्रास तेव्हाच सर्वाधिक असला तरी.

नोंदींचा प्रश्न

आजची यंत्रे प्रत्येक रात्रीची नोंद ठेवतात. इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्याही दप्तराला विचारावा तो प्रश्न या नोंदीलाही विचारला पाहिजे : ती काय टिपते आणि काय वगळते? यंत्र हवा वाहिल्याचे तास मोजते, झोपेचे नव्हे. मास्क लावून दोन तास छताकडे पाहत जागलेल्या माणसाचे ते दोन तास 'वापर' म्हणून जमा होतात. बेचैन होऊन मास्क काढून ठेवलेला तास नुसता कोरा दिसतो, त्यामागचे कारण दिसत नाही. जागेपणीचे अडखळते श्वासही कधी कधी विकार म्हणून मोजले जातात. दिवा किती वाजता मालवला, डोळा सुमारे केव्हा लागला, मधे कितीदा उठणे झाले, नळीत पाणी होते काय, वीज गेली होती काय, हे साध्या वहीतच लिहून ठेवावे लागते. घोरणे प्रथम ज्यांनी ऐकले, ती घरातील माणसे ही वही रुग्णाइतक्याच नेमकेपणाने भरू शकतात. बांबोळीला किंवा मुंबईला जाताना यंत्राच्या कार्डाबरोबर ती वहीही पिशवीत असावी.